सहा मुली, एक लॉगिन

चारकोप, कांदिवली
८ जुलै २०२४

प्रिय निलेश,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझा फोन दुपारपासून माझ्याकडे नसतो, वर्गातल्या मुलींकडे असतो, म्हणून जुन्या पद्धतीने लिहितेय. शिवाय फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला मीटिंग नसते.

काम असं आहे. यंदा माझ्याकडे दहावीचं गणित आलंय, दोन्ही भाग. आमची शाळा मराठी माध्यमाची, मालाडला मालवणीच्या बाजूला. दहावीची आता एकच तुकडी उरलीय. त्यात मागच्या बाकांवर सहा मुलींचा घोळका बसतो. बाहेर बोलायला लागल्या तर कुणाला ऐकायच्या नाहीत, पण गणिताचा तास आला की दवाखान्यात नंबर लागल्यासारखे चेहरे करतात. चाचणीचा पेपर दिला तर कोरा परत. चुकीचं लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून ठेवलंय.

मावशी सांगत होती की तू गणिताचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत लागलायस, अंधेरीला. नेमकं काय करतोस ते तिलाही सांगता येत नाही. तर मला इंटरनेटवरचं गणित शोधून दे. फुकट हवं, मराठीत हवं, नाहीतर मग भाषाच लागणार नाही असं हवं, आणि डेटा खाणारं नको.

मी शोधलं नाही असं समजू नकोस. "दहावी गणित" टाकलं की एकामागून एक माणसं "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो" म्हणत उभी राहतात, बराच वेळ स्वतःच्या चॅनलबद्दल बोलतात आणि मग पुस्तकातलंच सोडवलेलं उदाहरण फळ्यावर उतरवतात. ते तर मीपण करते, आणि लाइक मागत नाही. मला असं काहीतरी दे की बघितल्यावर पोरीच्या तोंडून "अस्सं होय" निघालं पाहिजे.

स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, कशाला डोक्याला त्रास करून घेतेस शेवंती, त्या पास होणाऱ्यांतल्या नाहीत. हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सटकतं. पोरगी पंधरा वर्षांची, आणि यांनी तिचा निकाल आत्ताच लावला. मी बघतेच आता.

तुझी
शेवंतीताई

*

मुलुंड (पूर्व)
१५ जुलै २०२४

ताई,

तुझं पत्र वॉचमनने हातात देण्याआधी पत्ता मोठ्याने वाचून दाखवला. आता अख्ख्या सोसायटीला माहीत आहे की मला बहीण पत्र लिहिते. दोन आज्या येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक ना.

लिंक हाताने लिहायला बसलो होतो. अर्धी ओळ झाल्यावर कळलं की हे माणसाचं काम नाही. म्हणून प्रत्येकीचा चौकोनी कोड छापून सोबत जोडलाय, पुस्तकात धड्याजवळ असतो तसा. फोन समोर धरलास की उघडेल.

पहिलं म्हणजे जिओजेब्रा. आकृती बोटाने धरून ओढता येते, आणि एकदा फोनवर उतरवलं की नेट गेलं तरी चालतं. भूमितीसाठी याच्यापुढे मला काही आवडत नाही. मग अपूर्णांक आणि आलेख यांचे छोटे छोटे खेळ आहेत, काही मराठीत पण आहेत. सहावी-सातवीच्या बेरीज-वजाबाकीचे व्हिडिओ जोडलेत, कारण तू लिहिलंस त्यावरून गाडी तिथेच कुठेतरी अडकली असणार. आणि एक फक्त तुझ्यासाठी आहे, तिथून आलेखाचे आणि सरावाचे कागद छापून घेता येतात.

व्हिडिओ निवडायचा माझा एक नियम सांगतो. आवाज बंद करून बघ. तरीही काहीतरी कळलं तर ठेव, नाहीतर सोडून दे. बाजारातला निम्मा माल इथेच गळतो.

मी जिथे काम करतो तिथलं एकही तुला पाठवलेलं नाही, यावरून काय ते समज. माझं काम विचारशील तर आकडे गोळा करायचे आणि त्यांचे रिपोर्ट बनवायचे. ऐकायला बोअर आहे, करायला त्याहून जास्त.

निलेश

*

चारकोप, कांदिवली
४ ऑगस्ट २०२४

प्रिय निलेश,

आधी शिव्या, मग कौतुक.

तुझे ते सहावी-सातवीचे व्हिडिओ. अरे, त्यात ससा आहे. गाजरं मोजतो आणि बोबडं बोलतो. दहावीच्या मुलींना मी ससा दाखवला. द्रौपदी म्हणून एक आहे त्या घोळक्यात, सगळ्यांत कच्ची आणि सगळ्यांत तिखट. ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. मी काढलं नसताना स्वतःच वर्गाबाहेर. मागून गेले तर म्हणते, बाई, आम्ही ढ आहोत, बाळ नाही. मला इतकं लागलं रे. ज्या पोरांचं सहावीत राहून गेलं त्यांनी मोठं झाल्यावर ते शिकायचंच नाही का? की ससा बघायचा? मोठ्या मुलांसाठी छोटं गणित कुणी केलेलंच दिसत नाही.

आता कौतुक. जिओजेब्रा झकास. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे, पण तो कपाटात, प्लास्टिकसकट, आणि किल्ली संस्थेच्या सचिवांकडे. तर मी माझा फोनच दिला हातात. त्रिकोणाचं टोक धरा आणि पाहिजे तसं ओढा, खाली कोनांची बेरीज बघत राहा म्हटलं. द्रौपदीने ते टोक खाली खाली ओढत नेलं, इतकं की तिन्ही बिंदू एका रेषेवर आले. बेरीज तरीही एकशे ऐंशीच. ती कितीतरी वेळ बघत बसली आणि मग विचारते, "बाई, आता हा त्रिकोण मेला का?" इतकी वर्षं शिकवतेय, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

शाळा सुटल्यावर सहाही जणी प्रांजलच्या घरी जमतात. तिची आई दुपारी घरी असते, तिचा फोन मिळतो. तुझे कोड मी त्यांना देऊन ठेवलेत. त्याच फोनवर त्या शाळेचं ॲपही बघतात. हो, आमच्या संस्थेने जूनमध्ये एक ॲप घेतलंय, "अंकझेप" नावाचं. प्रत्येक मुलाचं वेगळं खातं आहे, पण खातं बदलायचं तर ओटीपी बापाच्या नंबरावर जातो. शीतलचा बाप मनोरीचा, होडीवर. द्रौपदीचा गोरेगावात रिक्षा चालवतो, तो काय पॅसेंजर थांबवून ओटीपी सांगत बसणार? मग सगळ्या प्रांजलच्याच नावाने शिरतात. एक फोन, सहा डोकी, आणि उत्तरावरून अशी भांडणं की शेजारीण येऊन ओरडून जाते. मला फार बरं वाटलं. गणितावरून भांडणाऱ्या मुली मी पहिल्यांदाच बघतेय.

तुझ्या कंपनीचं नाव काय ते तू लिहिलंच नाहीस.

शेवंतीताई

*

मुलुंड (पूर्व)
१२ ऑगस्ट २०२४

ताई,

सशाबद्दल माफी. द्रौपदीचं बरोबर आहे.

उणे संख्यांसाठी मला कुठेही धड काही सापडलं नाही, म्हणून रविवारी बसून मीच एक पान बनवलं. नुसती आडवी रेषा, मध्ये शून्य, आणि एक ठिपका जो बोटाने मागेपुढे सरकतो. प्राणी नाहीत, टाळ्या नाहीत, "शाब्बास" म्हणणारा आवाज नाही. कोड सोबत आहे.

त्रिकोण मेला नाही म्हणून सांग तिला. झोपलाय.

आणि एक कर. त्या मुलींना सांग की आठवड्यातून निदान एकदा तरी शाळेच्या ॲपमध्ये आपापल्या नावाने शिरा. ओटीपीचं काहीतरी जमवा. का ते विचारू नकोस, पण विसरू पण नकोस.

निलेश

*

चारकोप, कांदिवली
२ सप्टेंबर २०२४

निलेश,

शुक्रवारी मला मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये बोलावलं. सचिव अंबादासराव बसले होते. समोर रंगीत कागद. अंकझेपने पाठवलेला दहावीचा रिपोर्ट. प्रांजलचं नाव सगळ्यांत वर, हिरव्यात. ही मुलगी दुपारभर न थकता बघते, न थकता सोडवते, तिचा सत्कार करायचा म्हणतात. आणि तळाशी लाल रंगात पाच नावं. द्रौपदी, शीतल आणि त्या घोळक्यातल्या बाकीच्या. यांनी जूननंतर ॲप उघडलेलंच नाही, म्हणे. अभ्यासाची इच्छा नाही, म्हणे.

मी सांगितलं की त्या रोज एकत्र बसतात, ओटीपी जमत नाही म्हणून प्रांजलच्या नावाने. अंबादासराव हसले. म्हणाले, बाई, तुम्ही मायेपोटी बोलताय, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल.

मग मुद्द्यावर आले. पाचही जणींच्या पालकांना एकवीस तारखेला बोलवायचं. दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा, असं समजवायचं. म्हणजे त्या नापास झाल्या तरी शाळेच्या निकालात दिसणार नाहीत आणि गेटवर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागेल. तुला हा प्रकार माहीत नसेल, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी बोलत नाही. बाहेर काढलेली पोरगी परत पुस्तक उघडत नाही रे. मी बघितल्यात अशा. दोन वर्षांत लग्न होतं, नाहीतर धुण्याभांड्यांची कामं धरते.

विषयशिक्षिका म्हणून माझी सही हवी होती, "तयारी अपुरी" म्हणून. मी पेन टेबलावर ठेवलं आणि सही करणार नाही म्हटलं. मोठ्या बाई एकदम गोड आवाजात म्हणाल्या, शेवंती, तुला कायम करायच्या ऑर्डरचा विचार चाललाय गं, आत्ता कशाला. मी उठून आले.

येताना तो रिपोर्ट घेऊन आले. घरी नीट वाचला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, अहवाल रचना, निलेश घाडीगावकर. आपल्या मुलखात घाडीगावकर पुष्कळ आहेत, पण अंधेरीत बसून गणिताचे रिपोर्ट बनवणारा एकच असेल.

"का ते विचारू नकोस" लिहिलं होतंस. आता विचारते. का?

शेवंती

*

मुलुंड (पूर्व)
५ सप्टेंबर २०२४

ताई,

चिडलीस ते बरोबर आहे. पण सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर फोडू नकोस.

तुला कंपनीचं नाव सांगितलं असतं तर तू माझा एक तरी कोड उघडला असतास का? खरं सांग. आणि ॲप तुमच्या शाळेत आहे हे मला तुझ्या ऑगस्टच्या पत्रातून कळलं. वाचल्या वाचल्या लक्षात आलं की त्या पाचजणींची वाट लागणार. तरी धड लिहिलं नाही, नोकरी डोळ्यांसमोर आली. म्हणून ते अर्धवट वाक्य.

रिपोर्ट मी शिक्षकांसाठी बनवला होता. लाल म्हणजे हिच्याजवळ जाऊन बसा, एवढाच अर्थ. लाल म्हणजे हाकला, असा कुणी अर्थ काढेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विकणाऱ्यांनी शाळांना सांगितलं की कच्ची मुलं आधीच ओळखून देतो, आणि शाळांनी त्याचं हे केलं. एका फोनवर सहा जणी बसतील हेही आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. आमच्या ऑफिसात एकेकाकडे दोन दोन फोन आहेत.

असू दे. तोडगा आहे. पंधरा तारखेच्या रविवारी सिस्टीम अपडेट होते, मी एकटाच बसलेला असतो. पाचही जणी हिरव्या करून टाकतो. एकवीस तारखेच्या आत नवीन रिपोर्ट तुमच्या शाळेत. कुणाला कळणार नाही, तुझी ऑर्डर पण जाणार नाही. तू फक्त हो म्हण.

हे पत्र आईबरोबर पाठवतोय, परवा ती तुझ्याकडे गणपतीला येतेच आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

निलेश

*

चारकोप, कांदिवली
८ सप्टेंबर २०२४

निलेश,

आत्ता दीड दिवसाचा गणपती पोचवून आले. मावशीने तुझं पत्र मोदकाच्या डब्याबरोबर दिलं आणि विचारलं, तुम्ही दोघं एवढं काय लिहिता? मी म्हटलं, गणित.

हिरवं नको.

द्रौपदीला गणित येत नाही. तेवढं तुझ्या रिपोर्टने खरंच सांगितलंय. तुझ्या त्या रेषेवर ती आता उणे पाचातून उणे तीन वजा करते, पण वर्गसमीकरण अजून तिच्या डोक्यावरून जातं. तू तिला हिरवी केलीस आणि सहामाहीत ती पडली, की म्हणतील ॲप बरोबर होतं, मुलगीच लबाड. मग तिच्या बाजूने मी काय बोलू? आणि समज नाही पडली. तरी दुसऱ्या शाळांतून एकेका फोनभोवती बसलेली पोरं आहेतच ना. त्यांचा भाऊ नाही तुझ्या कंपनीत.

तू म्हणतोस कुणाला कळणार नाही. मला कळेल. मुलींना मी रोज सांगते की उत्तर आलं नाही तरी चालेल, पण मागच्या पानावरून चोरू नका. कुठल्या तोंडाने सांगू मग?

मला खरं लिहून दे. हा रिपोर्ट एक मूल एक फोन असं धरून केलाय. पोरं एकत्र बसून शिकतात ते त्याला दिसत नाही. आणि यावरून कुणालाही शाळेबाहेर काढणं चूक आहे. खाली सही, पूर्ण नाव, आणि तिथे काय काम करतोस ते. आमच्या शाळेच्या नावाने लिही, मी मीटिंगमध्ये वाचून दाखवेन.

नोकरी जाईल म्हणशील. जाईल कदाचित. माझी पण जाईल. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि तरी तुझ्याकडेच मागतेय, कारण तू लिहिशील असं मला वाटतं.

शेवंतीताई

*

मुलुंड (पूर्व)
१३ सप्टेंबर २०२४

ताई,

सोबत जोडलंय. तू म्हणालीस ते सगळं आहे, आणि एक वाक्य माझ्या मनाने घातलंय, की या अहवालातला लाल रंग हा शिक्षकाने जास्त शिकवावं म्हणून आहे. साहेबांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, आणि मग मी लिहिलं नसतं, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आधीची दोन-तीन फाडली. त्यात खूप "तांत्रिक कारणास्तव" वगैरे आलं होतं. हे एक मराठीत आहे.

आईला सांगू नकोस अजून.

निलेश

*

चारकोप, कांदिवली
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय निलेश,

तुला फोनवर "झालं एकदाचं" एवढंच सांगितलं. सगळं लिहायचं होतं, म्हणून.

पाचही घरची माणसं आली होती, खाडा करून. अंबादासरावांनी सगळ्यांना चहा दिला. मग सुरुवात केली. मुलींच्याच भल्यासाठी आहे, शाळेचं दडपण राहणार नाही, घरी निवांत अभ्यास होईल, सर्टिफिकेट तेच मिळतं. ऐकताना मलाच वाटायला लागलं की चांगलंच आहे. शीतलच्या बापाला परतीची होडी धरायची होती, तो लगेच म्हणाला, सही कुठे करू.

मी उठले आणि तुझं पत्र वाचलं. आवाज चांगला लागला. "एक मूल एक फोन" वाचलं तेव्हा आया एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रांजलची आई बोलावलेली नव्हती, पण ती आली होती, दाराशी उभी होती. तिने तिथूनच सांगितलं की रोज सहाजणी माझ्याच घरात असतात, पाणी मी देते, खोटं वाटत असेल तर शेजारणीला विचारा.

अंबादासराव हुशार माणूस. म्हणाले, ठीक आहे, ॲप बाजूला ठेवू. सोमवारी पाचही जणींची एक परीक्षा घेऊ. पास होतील त्या राहतील, बाकीच्यांनी दाखला न्यावा. याहून न्यायाचं काय? मोठ्या बाईंना हायसं वाटलं. पालकांना पण पटल्यासारखं दिसलं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हो म्हणणं सोपं होतं रे. शीतल पास झाली असती, आणखी एक-दोघी झाल्या असत्या. द्रौपदी झाली नसती. माझ्या घशापर्यंत आलेलं ते हो.

मी म्हटलं, "साहेब, येतं त्यांनाच ठेवायचं असेल तर शाळेत शिक्षक कशाला ठेवलेत?"

ते लालबुंद झाले. सगळ्यांसमोर म्हणाले की बाई, तुमची ऑर्डर अजून माझ्या टेबलावर आहे. मी म्हटलं, राहू दे तिथेच. या मुली नववी पास होऊन आल्यात, त्या या शाळेतूनच परीक्षेला बसतील आणि मी सही करणार नाही. आज नाही, सोमवारी नाही.

द्रौपदीची आई कोपऱ्यात होती. कांदिवलीला टॉवरमध्ये स्वयंपाकाची कामं करते, तोवर तिने चहाला हातही लावला नव्हता. तिने विचारलं, "दाखला आम्ही मागितलाच नाही, तर तुम्हाला देता येतो काय?" अंबादासराव म्हणाले, तसं नाही, पण समजून घ्या. ती उभी राहिली. "मग आम्ही मागत नाही," म्हणाली, पिशवी उचलली आणि निघाली. तिच्यामागून बाकीचे एकेक करून उठले. शीतलच्या बापाने पेन परत टेबलावर ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. मला तिथे रडायचं नव्हतं. नाही रडले.

आज सकाळी दहावीचं गणित माझ्याकडून काढून घेतलं. मला पाचवी आणि चित्रकला. मला धड आंबा काढता येत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे. घेऊ देत गणित काढून. द्रौपदीच्या आईने त्यांच्या बुद्धविहाराचा हॉल मागून घेतलाय, शाळा सुटल्यावर तिथे बसायचं ठरलंय. दुपारी जाऊन बघून आले. पंखा आहे, फळा नाही, भिंत चांगली आहे. तुझे सगळे कोड मोठे छापून पाठव, तिथे चिकटवायचेत.

संताप अजून गेलेला नाही, आणि तितकाच आनंद झालाय. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

शेवंतीताई

*

मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुमच्या अंबादासरावांनी माझं पत्र कंपनीला पाठवलं. मला काढलं नाही, रिपोर्टवरून उचलून विक्रीला टाकलं. म्हणजे शाळाशाळांत जाऊन तेच ॲप मी विकायचं. गेल्या सोमवारी राजीनामा दिला. आई जेवायला वाढते, पण बोलत नाही. "पत्रं लिहून लिहून नोकरी घालवली" एवढं वॉचमनला सांगून झालंय.

रिपोर्टातला लाल रंग काढला त्यांनी. आता नारिंगी आहे.

माझं मात्र बरं चाललंय. उणे संख्यांच्या पानाला आता भावंडं झालीत. अपूर्णांक, टक्केवारी, समीकरणाच्या दोन बाजू. मोठ्यांसाठी छोटं गणित, तू म्हणाली होतीस ते. सगळं फुकट ठेवलंय, खातं नाही, ओटीपी नाही, कितीही जणी एका फोनवर बसा. तुझ्या मुलींना वापरायला दे आणि जिथे अडतील ते मला खरंखरं कळव. द्रौपदीला विचार, ती सोडणार नाही मला.

निलेश

*

चारकोप, कांदिवली
१४ मे २०२५

प्रिय निलेश,

काल निकाल लागला. तू सकाळपासून फोन करत होतास, पण मी दिवसभर हॉलवर होते आणि फोन मुलींकडे होता, एकेकीचा निकाल उघडत होत्या. आत्ता निवांत बसलेय.

प्रांजल पास. शीतल पास, गणितात काठावर, पण काठ आपल्या बाजूचा. लाल रंगातल्या आणखी तिघी पास. द्रौपदी गणितात गेली. बाकी सगळ्या विषयांत निघाली, मराठीत तर वर्गात दुसरी.

सप्टेंबरपासून जे बोलले ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आज शाळेत गेले तर अंबादासराव व्हरांड्यातच भेटले, म्हणाले, बघा बाई, एका मुलीपायी अख्ख्या शाळेचा निकाल बिघडवलात. मी म्हटलं, साहेब, निकाल मुलींचा असतो. आणि पुढे गेले. जूनपासून मला बोलावणार नाहीत, तसं मोठ्या बाईंनी सांगून टाकलंय. मी दुसऱ्या दोन शाळांत अर्ज दिलेत. नाहीच मिळालं कुठे तर हॉल आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, वाटतं. पण परत एकवीस तारीख आली तर मी परत उठेन.

द्रौपदी कुठे दिसेना. मला वाटलं, घरी तोंड लपवून बसली असेल. तिच्या घरी जायला म्हणून निघाले, तर ती ऑफिसच्या खिडकीशी. क्लार्क तिला सांगत होता की आता तू बाहेरून फॉर्म भर, शाळेचा संबंध संपला. ती हलेना. म्हणाली, मी इथली रेग्युलर आहे, पुरवणी परीक्षेचा फॉर्म इथूनच जातो, मी विचारून आलेय. तो म्हणाला, उद्या ये. ती म्हणाली, आज थांबते. आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. येणारे जाणारे बघत होते, तरी उठली नाही. शेवटी त्याने वैतागून कॉम्प्युटर उघडला आणि तिचं नाव पुरवणीच्या फॉर्मसाठी नोंदवून घेतलं.

मग ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते, रडून झालेलं होतं. मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं, तर मला बोलू दिलं नाही.

"बाई, मी नापास झाले," म्हणाली, "पण शाळेतून झाले. आता पास पण शाळेतूनच होणार."

शेवंतीताई